गोल्फची काठी : दांडा पोलादाचा की ग्रॅफाइटचा?

कुडाळ (प्रतिनिधी) : गोल्फचे साहित्य घेण्यासाठी दुकानात प्रथमच पाऊल ठेवणाऱ्या ग्राहकाला विक्रेता जे दोनतीन प्रश्न विचारतो, त्यांत 'स्टील की ग्रॅफाइट?' हा प्रश्न हमखास असतो. ग्राहकाचे उत्तर बहुधा किंमत पाहून ठरते, नाहीतर ओळखीच्या एखाद्या खेळाडूच्या पिशवीत काय आहे ते आठवून. खरे तर क्लबचा, म्हणजे गोल्फच्या काठीचा, दांडा कशाचा आहे यावर चेंडू किती दूर जाईल, तो कोठे पडेल आणि खेळून घरी परतल्यावर कोपर दुखेल की नाही, या तिन्ही गोष्टी थोड्याफार अवलंबून असतात. शिवाय एकदा घेतलेला संच लोक आठदहा वर्षे वापरतात. क्रिकेटच्या बॅटीप्रमाणे तो हंगामाला बदलला जात नाही. त्यामुळे हा निर्णय समजून घेऊन करणे इष्ट ठरते.

महाराष्ट्रात हा खेळ नवा नाही. भारतातील पहिला गोल्फ क्लब कोलकात्यात १८२९ साली स्थापन झाला. मुंबईत १८४२ साली. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ पासूनचा आहे. पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान जुने आहे आणि बावधनच्या डोंगरउतारावरचे ऑक्सफर्डचे मैदान अलीकडचे. टोकिओ ऑलिम्पिकमध्ये (२०२१) भारताकडून खेळलेला उदयन माने पुण्याचाच. लष्कराच्या छावण्यांमध्येही गोल्फची मैदाने असतात आणि निवृत्तीनंतर गावी परतलेले अनेक अधिकारी हा छंद पुढे चालू ठेवतात. सिंधुदुर्गातल्या हौशी माणसाला मात्र खेळण्यासाठी दक्षिणेकडे गोव्याची वाट धरावी लागते. तेथे मोबोर व काणकोण येथे समुद्रकाठच्या हॉटेलांची छोटी मैदाने आहेत. कोकणच्या या हवेचाही दांड्याच्या निवडीशी संबंध आहे; त्याविषयी पुढे.

दांडा नेमके काय करतो?

क्लबचे तीन भाग असतात : वरची मूठ, खालचे डोके आणि त्यांना जोडणारा पोकळ दांडा. चेंडूला लागते ते डोके. दांडा चेंडूला कधीच स्पर्श करत नाही. मात्र हाताने निर्माण केलेली गती डोक्यापर्यंत पोहोचवणे आणि डोके योग्य क्षणी योग्य कोनात आणणे हे काम दांड्याचे. काठी वरून खाली येण्यास साधारण पाव सेकंद लागतो. तेवढ्या वेळात दांडा आधी मागे वाकतो, मग सरळ होतो आणि चेंडूजवळ येताना किंचित पुढे झुकतो. त्याच वेळी तो स्वतःभोवती थोडा पिळलाही जातो, कारण डोके दांड्याच्या रेषेत नसून एका बाजूला असते.

चेंडू आणि डोके यांचा प्रत्यक्ष संपर्क मात्र अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपासच टिकतो. खेळाडूच्या हाताला जो 'फील' जाणवतो, तो चेंडू निघून गेल्यानंतरचा असतो. हाताला गोड लागलेला फटका सरळच गेला असेल असे नाही, आणि दांडा हातात बोथट वाटतो म्हणून तो वाईट असेही नाही. ही गोष्ट लक्षात ठेवली तर दुकानातील बऱ्याच चर्चेचा निकाल आपोआप लागतो.

हिकरी, पोलाद, कार्बन

विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत दांडे हिकरी या अमेरिकन लाकडाचे असत. हिकरी चिवट असते, पण तिला पीळ फार पडतो आणि दोन दांडे कधी सारखे निघत नाहीत. पोलादी दांड्याची कल्पना जुनीच. स्कॉटलंडमधील थॉमस हॉर्सबर्ग या लोहाराने १८९४ साली तिचे पेटंट घेतले होते. पण नियमांची मान्यता मिळण्यास तीस वर्षे जावी लागली. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९२४ साली पोलादी दांडे मान्य केले, तर सेंट अँड्र्यूजच्या नियामक मंडळाने १९२९ च्या अखेरीस. बॉबी जोन्सने १९३० साली एकाच वर्षात चार मोठ्या स्पर्धा जिंकण्याचा जो पराक्रम केला तो हिकरीच्या काठ्यांनी. पुढच्याच वर्षी, १९३१ साली, बिली बर्कने पोलादी दांड्याच्या क्लबांनी अमेरिकन ओपन जिंकली आणि लाकडाचे युग संपले.

ग्रॅफाइटचा जन्म गोल्फच्या मैदानावर झाला नाही. कार्बनचे बळकट तंतू १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन या शास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत प्रथम तयार केले. साठच्या दशकात जपान आणि इंग्लंडमध्ये ते बनवण्याच्या व्यवहार्य पद्धती निघाल्या. मागणी होती ती विमान आणि अंतराळ उद्योगाची. या तंतूंचा गोल्फचा दांडा १९६९ साली फ्रँक थॉमस या अभियंत्याने बनवला. तो ज्या शेक्सपिअर कंपनीत नोकरीला होता तिची ख्याती मासे पकडण्याच्या गळाच्या काठ्यांसाठी होती. कर्लीच्या खाडीकाठी गरी टाकून बसणाऱ्या आपल्या मंडळींना हे ऐकून नवल वाटणार नाही. हलकी, लांब, वाकून परत सरळ होणारी आणि टोकाशी काय घडते ते हाताला सांगणारी काठी दोघांनाही हवी असते.

येथे शब्दाचा एक खुलासा करायला हवा. 'ग्रॅफाइट' हे बाजाराने रूढ केलेले नाव आहे. पेन्सिलीतील शिसे म्हणून आपण जे ओळखतो त्या ग्रॅफाइटची कांडी म्हणजे हा दांडा नव्हे. कार्बनचे बारीक तंतू इपॉक्सी या राळेत बसवून केलेला तो एक मिश्र पदार्थ आहे.

पहिल्या पिढीतील ग्रॅफाइटचे दांडे फारसे चांगले नव्हते. ते हलके होते, पण पीळ खात. फटका लांब जाई आणि कोठेही जाई. त्या काळात जे खेळाडू ग्रॅफाइटला विटले, त्यांची मते पुढे दोन पिढ्या टिकली. 'ग्रॅफाइट म्हणजे म्हाताऱ्यांचा आणि बायकांचा दांडा' हे वाक्य क्लबहाउसमध्ये अजूनही कानावर पडते. त्यात आज तथ्य उरलेले नाही, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

बांबूकडे पाहावे

दोन्ही दांड्यांची रचना समजून घेण्यासाठी कुडाळकरांना दूर जाण्याचे कारण नाही. येथील कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर म्हणजे 'कॉनबॅक' या संस्थेमुळे बांबूच्या गुणांची चर्चा या भागात बरीच झाली आहे. बांबू हा निसर्गानेच केलेला मिश्र पदार्थ होय. त्यात लांबच लांब चिवट तंतू असतात आणि त्यांना धरून ठेवणारा मऊ भाग असतो. हे तंतू सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात, कारण वाकताना सर्वांत जास्त ताण बाहेरच्या पृष्ठभागावर येतो. ग्रॅफाइटच्या दांड्याचे तत्त्व हेच आहे. फरक इतकाच की बांबूमध्ये जवळजवळ सगळे तंतू उभे धावतात, त्यामुळे तो उभा चिरला जातो. कारखान्यात मात्र तंतू हव्या त्या दिशेने बसवता येतात.

राळ लावलेल्या कार्बन तंतूंचे पातळ पत्रे कापून ते निमुळत्या सळईभोवती गुंडाळतात. उभ्या तंतूंचे थर दांड्याला वाकण्यास विरोध करतात. पंचेचाळीस अंशांत तिरके घातलेले थर पिळाला विरोध करतात. मग वरून फीत घट्ट गुंडाळून भट्टीत भाजतात, सळई काढून घेतात, घासतात आणि रंग देतात. एखादा तिरका थर वाढवला की पीळ कमी होतो, टोकाशी एक तुकडा जास्त घातला की चेंडूची उंची बदलते. ही मुभा हीच ग्रॅफाइटची खरी ताकद आहे. वजन, लवचीकता आणि पीळ या तीन गोष्टी एकमेकींपासून बऱ्याच अंशी सुट्या ठेवून त्यात ठरवता येतात.

पोलादाला तशी मुभा नाही. पोलाद सर्व दिशांना सारखेच असते. नळी जाड केली की ती ताठही होते, जडही होते आणि पीळही कमी खाते. एक हवे तर बाकीचे दोन्ही पदरात पडते. नळीचा व्यास मुठीकडून डोक्याकडे टप्प्याटप्प्याने कमी करतात. त्यामुळे पोलादी दांड्यावर ठरावीक अंतरावर कडी दिसतात, आणि लांबून पाहिले तर तो अगदी पेरे असलेल्या बांबूसारखा वाटतो. मात्र पेरे बांबूला चिरण्यापासून वाचवतात, तर ही कडी केवळ व्यास बदलल्याच्या खुणा असतात. पोलादाचा मोठा गुण म्हणजे सारखेपणा. एकाच मापाचे शंभर दांडे एकमेकांसारखेच निघतात, आणि तेही कमी खर्चात. चांगल्या कंपन्यांचे ग्रॅफाइटही आज या बाबतीत जवळ आले आहे. स्वस्त संचातील ग्रॅफाइटबद्दल तसे म्हणता येत नाही.

वजनाचे गणित

पोलादाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८ पट, तर कार्बनच्या मिश्र पदार्थाची १.६ पटीच्या आसपास. त्यामुळे ग्रॅफाइटच्या दांड्याची भिंत जाड ठेवूनही तो हलका राहतो. आयर्न क्लबसाठीचे नेहमीचे पोलादी दांडे १२० ते १३० ग्रॅम भरतात, हलके पोलादी ९० ते १०५ ग्रॅम. ग्रॅफाइटचे आयर्नचे दांडे ५० ग्रॅमपासून थेट १०० ग्रॅमच्या वरपर्यंत मिळतात. ड्रायव्हरसाठी, म्हणजे सर्वांत लांब फटक्याच्या क्लबसाठी, ४० ते ८० ग्रॅमचे ग्रॅफाइट सर्रास वापरले जाते.

हलकी काठी वेगाने फिरते हे खरे, पण किती वेगाने? जाहिरातींतील दाव्यांवर येथे थोडा अंकुश ठेवायला हवा. ड्रायव्हरच्या डोक्याचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते आणि ते कमी होत नाही. दांड्याचे वजन त्याच्या लांबीभर विखुरलेले असते, त्याचा बराचसा भाग हाताजवळच असतो. म्हणून दांडा निम्म्या वजनाचा केला तरी वेग निम्म्याने वाढत नाही. वाढ थोडीच मिळते आणि तिच्यातला काही वाटा काठी लांब केल्याचा असतो. पोलादी दांड्याचे ड्रायव्हर ४३ ते ४४ इंचांचे असत, ग्रॅफाइटचे आज ४५ ते ४६ इंचांचे असतात. ताशी एक मैल वेग वाढला की ड्रायव्हरचा फटका साधारण अडीच यार्ड पुढे जातो, असा ठोकताळा आहे. पण लांब काठीने चेंडू डोक्याच्या मध्यावर लागणे अवघड जाते, आणि मध्य चुकला की मिळवलेले यार्ड तेथेच खर्ची पडतात.

तरीही ड्रायव्हरच्या बाबतीत वाद संपलेला आहे. टायगर वुड्ससारखा खेळाडूही २००४ पर्यंत ड्रायव्हरला पोलादी दांडा वापरत होता. त्याने ग्रॅफाइट स्वीकारल्यानंतर उरलीसुरली शंकाही मिटली. फेअरवे वूड आणि बहुतेक हायब्रिड क्लबांचेही तसेच. निवडीचा खरा प्रश्न उरतो तो आयर्न क्लबांपुरता.

ताठरपणाची अक्षरे

दांड्यावर एल, ए, आर, एस किंवा एक्स ही अक्षरे छापलेली असतात. ढोबळमानाने ड्रायव्हरचा वेग ताशी ८५ ते ९५ मैल असल्यास आर, ९५ ते १०५ असल्यास एस आणि त्याहून अधिक असल्यास एक्स घ्यावा असे सांगतात. कमी वेगासाठी ए आणि एल. मात्र या अक्षरांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका ताठ असू शकतो. पोलादातला आर सोडून ग्रॅफाइट घेताना 'माझा फ्लेक्स आर' एवढेच सांगून खरेदी करणे हे चप्पल न घालता नंबर सांगून घेण्यासारखे आहे.

पिळाचे माप अंशांत देतात. पोलादी दांड्यांचा पीळ साधारण दीड ते अडीच अंश, ग्रॅफाइटचा दोन ते सहासात अंश असतो. जोरात मारणाऱ्याला कमी पिळाचा दांडा बरा. हळू मारणाऱ्याला थोडा अधिक पीळ सोयीचा वाटतो. हाताला तो मऊ लागतो.

हादरा आणि कोपर

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. चेंडू डोक्याच्या मध्यावर न लागता टोकाला लागला, किंवा डोके चेंडूआधी जमिनीत घुसले, की दांड्यातून कंपने हातात येतात. पोलाद ही कंपने फारशी शोषत नाही. घंटा धातूची करतात ती याच गुणामुळे. कार्बन तंतूंना धरणारी राळ मात्र कंपने लवकर जिरवते. हाच हादरा ग्रॅफाइटने कमी पोहोचतो, हे प्रत्येक खेळाडूला दोन फटक्यांत कळते.

कोपराच्या आतल्या बाजूच्या दुखण्याला 'गोल्फर्स एल्बो' असे नावच पडले आहे. बाहेरच्या बाजूचे दुखणे 'टेनिस एल्बो' म्हणून ओळखले जाते, आणि गोल्फ खेळणाऱ्यांना ते दोन्ही होतात. मनगट आणि बोटे हलवणारे स्नायू जेथे कोपराच्या हाडाला जोडलेले असतात, त्या कंडरांवर पुन्हा पुन्हा ताण आल्याने हे दुखणे जडते. केवळ दांडा हे त्याचे कारण नसते. मूठ फार घट्ट आवळणे, चुकीचा फटका, एकदम खूप सराव, वयपरत्वे कंडरांची झीज, ही कारणे अधिक मोठी. पण ज्याला हे दुखणे आधीच आहे, त्याने पोलादी दांड्याने कडक जमिनीवर रोज शंभर चेंडू मारणे म्हणजे दुखण्याला निमंत्रण होय.

यात आपल्याकडील जमिनीचा भाग आहे. स्कॉटलंडमधील समुद्रकाठची वाळूची हिरवळ आणि एप्रिल-मेमधील महाराष्ट्रातील मैदान यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. पावसाळा संपून चारपाच महिने लोटले की देशावरची माती चिरेबंदी होते आणि कोकणात तर थोड्या मातीखाली जांभा लागतो. तेथे डोके चुकून आधी जमिनीला लागले तर माती उडत नाही, हात झिणझिणतो. सरावाच्या जागी अनेकदा काँक्रीटवर पातळ कृत्रिम चटई अंथरलेली असते; तिच्यावर चुकलेला फटका लक्षातही येत नाही, कारण डोके चटईवरून घसरून चेंडूला लागते, पण कोपराला त्याची नोंद मिळते. नवशिक्यांचे बहुतेक फटके चुकलेलेच असतात, आणि त्यांचा बहुतेक खेळ चटईवर होतो. त्यामुळे 'आधी स्वस्त पोलादी संच घेऊन शिका, मग ग्रॅफाइट घ्या' हा सल्ला पन्नाशीत खेळ सुरू करणाऱ्याला उलटा पडू शकतो. विशीतल्या सुदृढ मुलासाठी तो अगदी योग्य आहे.

दुखणे असलेल्यांनी दांडा बदलण्यापूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे हिताचे, हे वेगळे सांगायला नको. दांड्याने दुखणे बरे होत नाही, फार तर वाढणे थांबते.

या बाबतीत मधला मार्गही निघाला आहे. एरोटेक या कंपनीचा 'स्टीलफायबर' हा दांडा ग्रॅफाइटच्या गाभ्यावर पोलादाची अतिशय बारीक तार गुंडाळून केलेला असतो. वजनदार ग्रॅफाइटचे इतर दांडेही आता मिळतात. पोलादासारखे वजन हवे, पण हादरा नको, अशांची त्यामुळे सोय झाली. ब्रायसन डीशॅम्बोने २०२० साली अमेरिकन ओपन जिंकली तेव्हा त्याच्या आयर्न क्लबांनाही ग्रॅफाइटचे दांडे होते. 'म्हाताऱ्यांचा दांडा' म्हणणाऱ्यांनी त्याच्या फटक्याची लांबी पाहावी.

तथापि व्यावसायिक खेळाडूंपैकी मोठा वर्ग आयर्नसाठी अजूनही पोलादच पसंत करतो, आणि तो केवळ सवयीने नव्हे. आयर्नचा उद्देश लांब मारणे हा नसून ठरावीक अंतरावर चेंडू टाकणे हा असतो. जड दांड्याने हाताची लय एकसारखी राहते आणि अंतरातला फरक कमी होतो, असा त्यांचा अनुभव आहे. मजबूत शरीराच्या, जोरात मारणाऱ्या खेळाडूच्या हातात फार हलकी काठी दिली तर त्याला डोके कोठे आहे तेच कळेनासे होते. वेज आणि पटर या जवळच्या फटक्यांच्या काठ्यांना तर पोलाद हाच अजून प्रघात आहे.

खारी हवा, चार महिने पाऊस

दांड्यांवरील परदेशी लेखनात जवळजवळ न आढळणारा एक मुद्दा किनाऱ्यावरच्या खेळाडूंसाठी फार महत्त्वाचा आहे, तो गंजाचा. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि उरलेल्या महिन्यांतही किनाऱ्यालगतच्या हवेत मिठाचा अंश असतोच. खिडकीच्या गजांचे आणि मोटारसायकलीच्या चाकांचे या हवेत काय होते ते मालवण, वेंगुर्ल्यात राहणाऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईही याला अपवाद नाही.

पोलादी दांड्यावर क्रोमचा मुलामा असतो, तो बाहेरून. आतली बाजू उघडी असते. मुठीच्या वरच्या टोकाला रबरात एक बारीक भोक असते. काठ्या पिशवीत मूठ खाली करून उभ्या ठेवलेल्या असतात; पावसात पिशवीच्या तळाशी साचलेले पाणी या भोकातून आत शिरते आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. बाहेरून चकचकीत दिसणारा दांडा आतून गंजत जातो. काठी हलवल्यावर आत खुळखुळ ऐकू आली तर ते गंजाचे पापुद्रे असू शकतात. मुलाम्यावर तांबूस ठिपके दिसू लागणे हे दुसरे लक्षण. असा दांडा फटका मारताना मोडला तर खालचे डोके कोणाच्याही दिशेने जाऊ शकते.

उपाय साधा आहे, पण तो दरवेळी करावा लागतो. पावसात खेळल्यानंतर पिशवी पूर्ण रिकामी करावी, काठ्या पुसून घरात मोकळ्या हवेत ठेवाव्यात, पिशवी पंख्याखाली वाळवावी. रबरी मूठ बदलताना दांड्याच्या आत डोकावून पाहावे. जून ते सप्टेंबर काठ्या न वापरता कोठीत टाकून देणाऱ्यांनी त्या कव्हरात बांधून ठेवू नयेत. बुरशी आणि गंज दोन्ही त्यातच वाढतात.

ग्रॅफाइट गंजत नाही. म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्याच्या बाजूने एक गुण निश्चितच त्याच्या पारड्यात पडतो. पण त्याचे वैरी वेगळे आहेत. पिशवीच्या कडेला घासून रंग गेला आणि घासणे तसेच चालू राहिले, तर खालचे तंतू तुटू लागतात. मोटारीच्या डिकीत मे महिन्याच्या उन्हात दिवसभर राहिलेल्या काठीचे डोके दांड्याशी जोडणारा इपॉक्सी सैल पडू शकतो. हा धोका पोलादी दांड्यालाही आहेच. पोलाद वाकले तर दिसते. ग्रॅफाइटमधील बारीक भेग मात्र रंगाखाली दडून राहते आणि एके दिवशी दांडा एकदम तडकतो. विमानाने प्रवास करणाऱ्यांनी, आणि आता चिपी व मोपा हे दोन्ही विमानतळ झाल्यामुळे या भागातूनही ते होऊ लागले आहे, काठ्या कडक कवचाच्या पेटीत द्याव्यात. मऊ पिशवीच द्यायची तर डोक्यांपेक्षा उंच अशी एक भक्कम काठी मध्ये उभी घालावी, म्हणजे वरून आलेला दाब तिच्यावर जाईल.

जुन्या काठ्या आणि लहान मुले

आखातात किंवा अमेरिकेत असलेल्या नातेवाइकाने वापरलेला संच पाठवून देणे हा आपल्याकडे गोल्फची सुरुवात होण्याचा एक रूढ मार्ग आहे. दुसरा मार्ग कॅडींचा. भारतातील कित्येक नामवंत व्यावसायिक खेळाडू कॅडी म्हणून सुरुवात करून, सभासदांनी दिलेल्या जुन्या काठ्यांवर शिकले. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा त्यांच्यापैकीच एक. जुन्या काठ्या घेताना पोलाद अधिक भरवशाचे, कारण त्यातील दोष डोळ्यांना दिसतो. ग्रॅफाइटचा जुना दांडा घ्यायचाच असेल तर तो बोटांनी पूर्ण चाचपावा. डोक्याच्या जोडाजवळ पांढरट रेषा दिसते का ते पाहावे आणि दोन्ही टोके धरून हळूच पिळून चिरचिर आवाज येतो का ते ऐकावे.

लहान मुलांसाठी वडिलांचा पोलादी क्लब करवतीने आखूड करून देण्याची पद्धत आहे. ती टाळावी. दांडा कापला की तो अधिक ताठ होतो, डोके मात्र मोठ्या माणसाच्याच वजनाचे राहते. दहा वर्षांच्या मुलाला ते झेपत नाही. मग तो सगळे अंग फेकून मारू लागतो, आणि ती खोड पुढे जाता जात नाही. मुलांसाठी हलक्या ग्रॅफाइटचे छोटे संच मिळतात, तेच घ्यावेत.

पोलादी दांडा काढून त्याच डोक्याला ग्रॅफाइटचा बसवणेही दिसते तितके सोपे नाही. दांडा हलका झाला की काठीचा तोल बदलतो. तोल मोजण्याच्या मापात दांड्याचे सुमारे नऊ ग्रॅम वजन म्हणजे एक अंक, आणि लांबीतील अर्धा इंच म्हणजे तीन अंक धरतात. म्हणूनच कंपन्या ग्रॅफाइटचे आयर्न बरेचदा अर्धा इंच लांब ठेवतात. शिवाय दांड्याच्या खालच्या टोकाचा व्यास डोक्यातील भोकाशी जुळावा लागतो. आयर्नमध्ये ०.३५५ आणि ०.३७० इंच ही दोन मापे चालतात. ग्रॅफाइटचा दांडा नळी कापण्याच्या कटरने कधीही कापू नये, त्याने तंतू चिरडतात; चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या करवतीने कापावा आणि कापताना नाकावर मास्क असावा, कारण कार्बनची धूळ फुप्फुसाला चांगली नाही. हे काम जाणकाराकडूनच करून घेतलेले बरे.

मग घ्यावे काय?

गोल्फचे नियम येथे कोणाचीच बाजू घेत नाहीत. दांडा सरळ असावा आणि तो कोणत्याही दिशेने सारखाच वाकावा, दोन्ही बाजूंना सारखाच पिळावा, एवढी त्यांची अट आहे. पिशवीत चौदापेक्षा जास्त काठ्या नसाव्यात; त्या चौदांचे दांडे एकाच पदार्थाचे असावेत असे कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा संपूर्ण संच पोलादी किंवा संपूर्ण ग्रॅफाइटचा घेण्याचा आग्रह धरू नये. ड्रायव्हर, वूड आणि हायब्रिड ग्रॅफाइटचे, वेज आणि पटर पोलादी, आणि मधल्या आयर्नची निवड शरीरमानाप्रमाणे, ही वाटणी बहुतेक हौशी खेळाडूंना मानवते.

मधल्या आयर्नसाठी आमच्या मते प्रश्न दोनच. कोपर, मनगट किंवा खांद्याचे दुखणे आहे का? असेल तर ग्रॅफाइट, आणि पैशांचा विचार दुसऱ्या क्रमांकावर. नसेल तर आपला फटका किती वेगाचा आहे? वेग मध्यम किंवा अधिक, वय चाळिशीच्या आत आणि शरीर धडधाकट असेल तर हलके पोलाद हा सर्वांत किफायतशीर पर्याय आहे. वाचलेले पैसे प्रशिक्षकाला द्यावेत, गुण त्यानेच अधिक सुधारतील. वेग कमी असेल, वय साठीकडे झुकले असेल, किंवा चेंडू हवेत उंच चढतच नसेल तर ग्रॅफाइटने खेळ सुखाचा होतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने आणि पावसाळ्यातही खेळणाऱ्याने गंजाची गोष्ट या हिशेबात धरावी.

पूर्ण संच घेण्याआधी सेव्हन आयर्न हा एकच क्लब दोन्ही दांड्यांत उसना मिळवावा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दुकानांत आणि सरावाच्या मैदानांवर नमुन्याचे क्लब ठेवलेले असतात, काही ठिकाणी वेग मोजणारे यंत्रही असते. थकलेले नसताना आणि शक्यतो चटईऐवजी हिरवळीवरून प्रत्येकी वीस चेंडू मारावेत. सर्वांत लांब गेलेला एक चेंडू लक्षात ठेवण्याचा मोह होतो, तो आवरावा. वीसही चेंडू किती रुंदीच्या पट्ट्यात पडले आणि सर्वांत आखूड गेलेला किती आखूड होता, ते पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याने भरलेला तांब्या उचलताना कोपरात कळ येते का, हेही पाहावे आणि मगच पैसे मोजावेत.